सिडनीतला पहिला दिवस बंदरावरच घालवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून सिंगापूरमार्गे सिडनी. विमान सकाळी साडेसातला उतरणार. सोबत सत्तरीचे वडील (मधुमेह, रात्रीचं इन्सुलिन), पासष्टीची आई, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. हॉटेल सर्क्युलर की या शहरातल्या मुख्य बोट-धक्क्याजवळ, खोली दुपारी तीनला मिळणार. पहिल्याच दिवशी ऑपेरा हाऊस आतून बघणं, मग बाँडायचा किनारा, रात्री जेवणासहित क्रूझ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसने ब्लू माउंटन्स. हे सगळं झेपेल का?

पहिला दिवस झेपेल. फसेल तो दुसरा. मराठी मंडळींना ऑस्ट्रेलिया दाखवण्याचं काम बरीच वर्षं करतोय, आणि सिडनीचे कार्यक्रम बिघडतात ते जवळजवळ नेहमी असेच. उतरलेल्या दिवशी सगळे उत्साहात असतात, दुपारी तर हुशारी वाढतेच. म्हणून लोक दिवस ठासून भरतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप मारली की कोणी उठत नाही. उठले तरी बसमध्ये माना टाकून झोपतात, आणि थ्री सिस्टर्स (तिथले तीन प्रसिद्ध सुळके) बघायच्या कठड्यापाशी मुलगा भोकाड पसरतो.

याचं कारण घड्याळात आहे. नोव्हेंबरमध्ये सिडनीत उन्हाळी वेळ चालू असते (ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत), म्हणून सिडनी आपल्यापुढे साडेपाच तास असते, एरवी साडेचार. तुम्ही उतराल तेव्हा शरीराच्या हिशेबाने रात्रीचे दोन वाजलेले असतील. दुपारी तीनला खोली मिळेल तेव्हा मुंबईत सकाळचे साडेनऊ, म्हणजे माणूस ताजा असण्याची वेळ. रात्री दहाला अंथरुणावर पडाल तेव्हा मुंबईत दुपारचे साडेचार, चहाची वेळ. आणि ब्लू माउंटन्सच्या बससाठी सहाला उठाल तेव्हा मुंबईत मध्यरात्रीचे साडेबारा! आई-वडिलांना घरी कोणी साडेबाराला उठवून डोंगर बघायला चला म्हणालं असतं का?

लंडनला जाऊन आलेले नातेवाईक इथे हमखास चुकीचा सल्ला देतात: 'दिवसभर काहीही करून जागं राहा, रात्री लवकर पडा, दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग येते.' लंडनसाठी ते बरोबर आहे, कारण ते पश्चिमेला आहे. तिथे आपल्याला संध्याकाळी पेंग येते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. सिडनीत नेमकं उलटं घडतं. रात्री झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. शरीराला दिवस लांबवणं तुलनेने सोपं जातं, दिवस आखडणं जड जातं, म्हणून पूर्वेकडचा प्रवास जास्त टोचतो. ढोबळ हिशेब दिवसाला एक तासाचा. साडेपाच तास भरून यायला पाच-सहा दिवस लागणारच. तेव्हा पहिल्या दिवशी सगळं जुळवून टाकायचा हट्ट सोडा आणि घड्याळ योग्य दिशेला ढकलायला लागा.

ते ढकलायचं साधन म्हणजे डोळ्यांत जाणारा उजेड. पण तो कधी घ्यायचा यावर सगळं अवलंबून आहे, आणि हा भाग बहुतेकांना कोणी सांगत नाही. आपल्या शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं. त्यानंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे पुढच्या रात्री लवकर झोप येते. त्याआधी मिळालेला उजेड घड्याळ आणखी मागे रेटतो. मुंबईत साडेसहाला उठणाऱ्या माणसाचा हा तळ पहाटे चारच्या सुमाराला, म्हणजे सिडनीचे साडेनऊ. साडेसातला उतरून आठला लख्ख उन्हात फोटो काढत बसलात, तर तुम्ही आपल्याच शरीराला उलट्या दिशेला ढकलत असता.

म्हणून सकाळी दहापर्यंत काळे चष्मे लावा आणि शक्यतो छपराखाली राहा. यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. इमिग्रेशन, सामान आणि जैवसुरक्षा तपासणी यात तासभर ते दीड तास सहज जातो, तिथून शहरात येणारी ट्रेन बराचसा वेळ भुयारातून धावते. तुमचे वडील पाचला उठणारे असतील तर त्यांचा तळ लवकर येतो, त्यांचा चष्मा नऊला काढला तरी चालेल. दहानंतर मात्र सगळ्यांनी भरपूर उजेडात राहायचं, खोलीत पडदे ओढून बसायचं नाही. सिडनीच्या पहिल्या दिवसाचा सगळा आराखडा मी याच एका गोष्टीभोवती बांधतो.

विमानतळावरचं पटकन सांगतो. उतरण्याआधी भरायच्या प्रवासी पत्रकात खाद्यपदार्थांच्या प्रश्नावर सरळ 'हो' लिहा. बॅगेत चिवडा असो, लाडू असोत, मसाला असो, 'हो'च. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूला दंड होतो आणि तो चांगला जबरी असतो. भारतातून पेढे, बर्फी अशा दुधाच्या मिठाया नेता येत नाहीत, कढीपत्ता आणि ताजी फळंही नाहीत. विमानात दिलेलं सफरचंद लोक पर्समध्ये टाकतात आणि विसरतात. ते उतरण्याआधी खाऊन टाका. वडिलांची औषधं मूळ वेष्टनात आणि इंग्रजीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत असू द्या.

इन्सुलिनचं मी सांगणार नाही, पण का विचारायचं ते सांगतो. पूर्वेकडे जाताना तो दिवस साडेपाच तासांनी आखडतो. त्यामुळे नेहमीच्या घड्याळी वेळेला डोस घेतला तर दोन डोस जवळ येतात आणि साखर खाली जाऊ शकते. वडिलांच्या डॉक्टरांना तिकिटं दाखवा आणि प्रवासाच्या दिवसासाठी डोसचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. विमानात घालायच्या घट्ट, दाब देणाऱ्या पायमोज्यांचंही त्यांनाच विचारा; दोन लांब उड्डाणांनंतर घोटे सुजणं या वयात सर्रास दिसतं. मात्र एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर फिरणं थांबवून डॉक्टरकडे जायचं.

शहरात यायला ट्रेन उत्तम. विमानतळाचं स्थानक टर्मिनलला लागूनच आहे, लिफ्ट आहे, वीस-पंचवीस मिनिटांत सर्क्युलर की. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. संपर्कविरहित बँक कार्ड फाटकाला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर पाच जण जात नाहीत. मुलासाठी लहान मुलांचं ओपल कार्ड (तिथलं ट्रेन-बस-बोटीचं कार्ड) घ्या, बँक कार्ड वापरलं तर त्यालाही पूर्ण भाडं पडेल. एक बाब लक्षात ठेवा: विमानतळाच्या स्थानकांवर नेहमीच्या भाड्याखेरीज वेगळा आकार माणशी लागतो. त्यामुळे पाच जणांसाठी मोठी टॅक्सी आणि ट्रेन यांच्या खर्चात तुम्हाला वाटतो तेवढा फरक राहत नाही. उतरण्याचा दिवस कामाचा असेल तर साडेआठ-नऊची ट्रेन नोकरदारांनी भरलेली असते. चार मोठ्या बॅगा आणि आई-वडील घेऊन त्या गर्दीत शिरण्यापेक्षा मी टॅक्सी घेईन.

ट्रेनने आलात तर सर्क्युलर कीला उतरल्यावर लगेच खाली पळू नका. हे स्थानक जमिनीपासून वर, पुलावर बांधलेलं आहे. फलाटावरूनच डावीकडे हार्बर ब्रिज आणि उजवीकडे ऑपेरा हाऊस दिसतं. पहिलं दर्शन फुकटात आणि बसायच्या बाकासह होतं.

बॅगा हॉटेलात ठेवून द्या. खोली तीनला मिळणार असली तरी सामान बहुतेक हॉटेलं सकाळी ठेवून घेतात. आदल्या दिवशी ईमेलने विचारून ठेवा. त्यांच्याकडे तोंड धुवायला आणि कपडे बदलायला जागा असते का तेही विचारा. या एका गोष्टीने आईंची चिडचिड अर्धी होते. मग नाश्ता, कॉफी. कॉफी या वेळेला चालेल, दुपारी एकनंतर नको; तिचा निम्मा अंमलही उतरायला पाचेक तास लागतात, आणि रात्री तुम्हाला झोपेची फार गरज असणार आहे.

आता फिरणं. पहिल्या दिवसासाठी माझी कसोटी एकच: जिथून मध्येच उठून येता येत नाही ते पहिल्या दिवशी घ्यायचं नाही. या कसोटीवर तुमच्या यादीतलं काय टिकतं ते बघा.

रात्रीची क्रूझ टिकत नाही. दोन-तीन तास मंद दिव्यात, बंद काचेआड, आणि मुलाला साडेआठला पेंग आली तर धक्क्याला लागेपर्यंत काहीच करता येत नाही. ऑपेरा हाऊसची आतली सहलही नको. तासाभराची आहे, मार्गदर्शक चांगले असतात, पण पायऱ्या बऱ्याच आहेत, आतला उजेड कमी आहे, आणि नेमकी वेळ आधी आरक्षित करावी लागते. विमानाला दोन तास उशीर झाला की ती गेली. पुलाच्या कमानीवर चढायचा बेत कोणी सुचवला तर तोही राहू द्या. शिखर १३४ मीटरवर आहे, पूर्ण चढाईला तीनेक तास लागतात, आणि चढण्याआधी श्वासाची मद्यतपासणी होते. विमानात वाइन घेतलेल्यांनी त्याचाही विचार करावा.

बाँडायबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तो हट्ट सगळ्यांचाच असतो. सर्क्युलर कीहून ३३३ क्रमांकाची बस थेट जाते, पोचणं अवघड नाही. पण किनाऱ्यावर सावली फारच कमी, आणि समुद्र दिसतो त्यापेक्षा खट्याळ. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला पाणी आत खेचणारा प्रवाह कायम असतो, त्याला तिथले लोक 'बॅकपॅकर्स रिप' म्हणतात, कारण बसमधून उतरलेले नवखे पर्यटक सरळ तिथेच पाण्यात शिरतात. प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं हा तिथला नियम, आणि न झोपलेल्या माणसाने तिथेही उतरू नये. शरीर थकलेलं, निर्णय मंद, मुलगा मात्र पाण्याकडे धावणार. बाँडाय तिसऱ्या दिवशी, पूर्ण झोपेनंतर.

मग उरलं काय? सिडनीचं सगळ्यात चांगलं तेच उरलं: बंदर. साडेदहा-अकराला मॅन्ली या समुद्रकाठच्या उपनगराची फेरीबोट घ्या. सरकारी मोठी फेरी साधारण अर्ध्या तासात पोचते, साध्या प्रवासी भाड्यात. पर्यटकांच्या क्रूझवर जे दिसतं त्यातलं बहुतेक इथे दिसतं. बाहेरच्या बाकावर बसा, जाताना उजव्या बाजूला. निघताच ऑपेरा हाऊस उजवीकडून सरकतं, पूल मागे राहतो, मग फोर्ट डेनिसनचं छोटं बेट येतं. बसलेलं असताना, उघड्या उजेडात, नेमका हवा तो वेळ जातो. आई-वडिलांच्या पायांना त्रास नाही, मुलाला बोट मिळाली. एक फेरी चुकली तर थोड्या वेळात दुसरी असते, त्यामुळे घाई नाही.

मॅन्लीच्या आधी काही मिनिटं बोट बंदराच्या मुखासमोरून जाते. तिथे दोन कड्यांमधून प्रशांत महासागर थेट आत येतो आणि वाऱ्याच्या दिवशी बोट चांगली डुलते. कोणाला बोट लागत असेल तर मॅन्ली सोडा आणि टारोंगा प्राणिसंग्रहालयाच्या धक्क्यापर्यंतची छोटी फेरी करून परत या. बारा-पंधरा मिनिटांची आहे आणि आतल्या शांत पाण्यातून जाते. उतरून प्राणिसंग्रहालय बघायची गरज नाही. पुलाखालून जायचं असेल तर बारंगारूकडची फेरी घ्या.

मॅन्लीला उतरल्यावर 'कॉर्सो' नावाचा पादचाऱ्यांचा सपाट रस्ता पाच-सात मिनिटांत पलीकडच्या महासागरी किनाऱ्यावर नेतो. तिथे नॉरफोक पाइनची उंच झाडं आहेत, त्यांच्या सावलीत बाक आहेत. मुलाचे पाय वाळूत भरू द्या, पाणी घोट्यापर्यंतच. तिथेच हलकं जेवण करा. नळाचं पाणी बिनधास्त पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून ठेवा, इतके तास विमानाच्या कोरड्या हवेत बसल्यावर सगळ्यांना पाणी कमी पडलेलं असतं. हातात चिप्स असतील तर सीगल पक्ष्यांवर लक्ष ठेवा. ते मागत नाहीत, सरळ ओढून नेतात.

उन्हाबद्दल आपली मंडळी ऐकत नाहीत. 'आम्ही मुंबईचे, आम्हाला काय ऊन!' नोव्हेंबरअखेर सिडनीत हवा पंचवीस अंशांच्या आसपास, वर गार वारा. चटका जाणवत नाही पण अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी ११ च्या पुढे जाऊ शकतो, आणि फेरीच्या डेकवर पाण्यावरून परावर्तनही होतं. सावळी त्वचासुद्धा भाजते. टोपी आणि ५० एसपीएफचं मलम, दर दोन तासांनी. आणखी एक गंमत: दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आपण सवयीने सूर्य दक्षिणेला धरून दिशा ओळखतो, त्यामुळे सिडनीत पहिल्या दिवशी भलतीकडे चालत सुटणारी हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. नकाशावर विश्वास ठेवा, अंदाजावर नको.

सोबत प्रत्येकाचं एक वाऱ्याचं जाकीट हवंच. या दिवसांत सिडनीत दक्षिणेकडून अचानक गार वारा घुसतो, 'सदर्ली बस्टर' म्हणतात त्याला, आणि तापमान थोड्या वेळात दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. दुपारी टी-शर्टात मॅन्लीला गेलेली माणसं कुडकुडत परत येतात.

तीनला खोली. इथे खरी परीक्षा आहे. आंघोळ करा, आणि हवी तर झोप घ्या, पण गजर लावून अर्धा तास. आई-वडिलांना पाऊण तास. दोन तास झोपलात तर रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडाल. एकाने जागं राहायची जबाबदारी घ्यावी. सगळ्यांनी एकदम आडवं व्हायचं ठरवलं की गजर कोणी ऐकत नाही.

पाचच्या सुमाराला परत बाहेर. ऑपेरा हाऊसच्या भव्य पायऱ्यांवर जायला तिकीट लागत नाही. वर जाऊन कवचांच्या फरशीला हात लावून बघा: लांबून पांढरं दिसणारं छप्पर जवळून दोन रंगांचं आहे, चकचकीत पांढरं आणि मंद दुधाळ. त्या दोन फरशांमुळेच ते दिवसभर वेगवेगळं दिसतं. डेन्मार्कच्या यॉर्न उट्झन यांचा आराखडा १९५७ साली निवडला गेला. सरकारशी खटके उडून ते १९६६ मध्ये काम सोडून गेले, इमारत १९७३ मध्ये खुली झाली, आणि ती पूर्ण झालेली त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. मुलाला ही गोष्ट पायऱ्यांवर बसून सांगा, आतल्या सहलीच्या वेळी त्याला आठवेल.

तिथूनच रॉयल बोटॅनिक गार्डनचं फाटक आहे. १८१६ सालची बाग, प्रवेश मोफत. पाण्याच्या कडेने जवळपास सपाट वाट दीडेक किलोमीटरवरच्या मिसेस मॅक्वारीज पॉइंटला जाते. गव्हर्नरच्या पत्नीसाठी कैद्यांनी १८१० मध्ये खडकात कोरलेलं बसायचं आसन तिथे आहे, आणि समोर ऑपेरा हाऊस व त्यामागे पूल असं जे चित्र सगळीकडे छापलेलं असतं ते तिथूनच दिसतं. वडिलांना चालवेल तितकंच चाला. अर्ध्या वाटेवरूनही दृश्य छान आहे. फोटो मात्र सकाळी चांगला येतो, कारण तोंड पश्चिमेकडे असतं आणि संध्याकाळी सूर्य समोरून येतो. बागेची फाटकं सूर्यास्ताच्या सुमाराला बंद होतात, दारावरची वेळ वाचूनच आत शिरा.

सातला जेवण, साधं आणि हॉटेलजवळ. हॅरिस पार्कला भारतीय जेवण भरपूर मिळतं, पण ते पॅरामाटाच्या बाजूला, शहरापासून वीसेक किलोमीटर दूर; पहिल्या रात्री तिकडे जाण्यात अर्थ नाही. पूल आणि बंदराचे दिवे खिडकीतून किंवा धक्क्यावरून दहा मिनिटं बघा, सूर्य आठच्या आसपास मावळतो. त्यानंतर उजेड कमी करा, मुलाच्या हातातला फोन काढा, साडेनऊ-दहाला दिवे बंद. झोप लगेच आली नाही तरी पडून राहा, आदल्या रात्रीच्या जागरणामुळे ती येतेच. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन घ्यायचा विचार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ऑस्ट्रेलियात मेलाटोनिन सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ५५ वर्षांपुढच्यांना काही प्रकार फार्मासिस्टकडून मिळतो.

दुसऱ्या दिवशी गजर आठचा, साडेआठचा नव्हे आणि सहाचाही नव्हे. उठून नाश्ता आत करा, साडेनऊच्या पुढे पुन्हा भरपूर उजेड. हा दिवस शहरातलाच ठेवा: द रॉक्स (पुलाजवळची जुनी वस्ती), पुलावरून पायी फेरी, अकरानंतरची ऑपेरा हाऊसची आतली सहल. बाँडाय तिसऱ्या दिवशी दुपारी. ब्लू माउंटन्सची सातची बस चौथ्या दिवसावर ढकला, आरक्षण बदलता येत नसेल तर ते सोडून द्या आणि ट्रेनने जा: सेंट्रल स्थानकाहून ब्लू माउंटन्समधलं कटुंबा दोन तास, हवी ती गाडी पकडता येते, आणि सगळे उठल्यावर निघता येतं.

तुमचं विमान सकाळऐवजी संध्याकाळी उतरणारं असतं तर मी यातलं निम्मं बदललं असतं; पण साडेसातच्या विमानाला हेच.